गाढी नदीतलं सोनं

माझे थोरले दीर गाढी नदीत सोनं शोधायचे. पोटासाठी नव्हे, हौसेखातर. पोटासाठी शोधलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. पोटासाठी माणूस काय वाटेल ते करतो, त्याला हसू नये. पण इथे घरात दोन वेळचं ताट वाढून तयार, कपडे धुऊन घडी करून तयार, आणि हे गृहस्थ रविवारी सकाळी खाकी अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून नदीत उभे. हातात लोखंडी परात. तिला परात म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "पॅन म्हणायचं, पॅन," असं ते आल्यागेल्याला बजावायचे. मी मुद्दाम परातच म्हणायचे. कणीक मळायला दिली असती तर चार माणसांच्या पोळ्या तरी झाल्या असत्या तिच्यात.

हे वेड त्यांनी आणलं बोटीवरून. तरुणपणी ते एका बोटीच्या कंपनीत कारकून होते. लढाईच्या दिवसांत त्यांची बोट कुठल्याशा थंड मुलखाच्या बंदरात दुरुस्तीसाठी अडकून पडली. तिथली माणसं सुट्टीच्या दिवशी बायकापोरं घेऊन ओढ्यावर जात, पाव-लोणी खात आणि पराती हलवून सोन्याचे कण काढत. त्यातल्या कुणीतरी भाऊजींना शिकवलं, की फार पूर्वी त्या डोंगरांवरून बर्फाच्या नद्या सरकत खाली आल्या, त्यांनी खडक भरडला, आणि तो सगळा चुरा, माती, दगडगोटे खाली पसरून दिले. ओढे त्या गाळातून वाहतात. माती हलकी, ती वाहून जाते. सोनं जड, ते तळाला बसतं.

खरं असेलही. त्या मुलखाचं मी काय बोलणार, मी पेणच्या पलीकडे पाहिलं काय होतं. पण नोकरी सोडून हे मोऱ्याच्या बंदरात लाँचवरून उतरले, गव्हाणच्या रस्त्याने एस.टी.ने घरी आले, आणि आल्याच्या आठवड्यात नदीवर जाऊन ठरवून मोकळे झाले, की गाढी नदीतले दगड गोल आहेत, त्या अर्थी इथेही बर्फाची नदी होती. माथेरानावरून आलेली. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेली. भूगोल मला बऱ्यापैकी येत होता. पनवेलात बर्फ यायचा तो मासळीवर घालायला, लाकडाच्या भुशात गुंडाळून. तोही दुपारपर्यंत टिकत नसे. आणि हे म्हणे हिमनदी.

आता आमच्या घराचं सांगते, म्हणजे मला राग का यायचा ते कळेल. आम्ही सोनार. सासऱ्यांनी शेगडीपुढे बसून डोळे घालवले आणि म्हणून दोन्ही मुलांना खुर्चीवरच्या नोकरीला लावलं. माझे यजमान मामलेदार कचेरीत, भाऊजी बोटीवर. सासरे गेले, दुकान बंद झालं. भाऊजींची बायको बाळंतपणाला माहेरी सोलापूरला गेली ती तिकडेच वारली. तान्ही मुलगी सासूबाईंनी इकडे आणली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकराचा ओचा धरून दारात उभी होती. माझी पाठ तिने सोडली नाही आणि मीही तिला सोडलं नाही. पुढे मला दोन मुलगे झाले, पण वेणी घातली ती हिचीच.

माझे वडील पेणला सोनारकाम करीत. चांगलं चालतं दुकान होतं. आमच्याकडे दुकानातला केर कधी उकिरड्यावर गेला नाही. कारागीर उठताना घंगाळात हात धुवायचे, ते पाणीसुद्धा ठेवायचं. उंबऱ्यावरचं गोणपाट वर्षाअखेर जाळून त्याची राख करायची. मग झारेकरी यायचे, नवराबायको, ते हा केर, ही राख विकत घ्यायचे आणि मागच्या अंगणात लाकडी काठवटीत पाणी घालून हलवत बसायचे. माती वरच्यावर जायची, खाली चिमूटभर काळी रेती राहायची आणि तिच्यात सोन्याचे कण. ती बाई दिवसभर पाण्यात बसून बसून हातपाय सुरकुतवून घ्यायची. आमच्या घरातलं कुणी तिला बसायला पाट दिल्याचं मला आठवत नाही.

तेच काम. अगदी तेच. तशीच थाळी, तसंच हलवणं, तशीच शेवटची काळी रेती. ते झारेकरणीने केलं तर हलकं, आणि आमच्या भाऊजींनी बूट घालून केलं तर छंद. सोनाराच्या पोटी जन्माला येऊन यांना हे बोटीवर जाऊन गोऱ्या माणसाकडून शिकावं लागलं. मी एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "झारेकरी कचरा धुतात. मी निसर्ग शोधतो." वर मान करून म्हणाले. नाकाने कांदे सोलावेत तर यांनीच.

गावाला काय, कुठेही चार रिकामटेकडे जमतातच. एक वकील, एक डॉक्टर आणि एक पेन्शनर हेडमास्तर असे तिघे भाऊजींच्या नादी लागले. रविवारी नदीवर मंडळ भरायचं. थर्मासमधून चहा जायचा, डब्यातून पोहे जायचे, पोहे अर्थात मी करायचे. वकिलांना पाण्याची भीती, ते काठावर बसून सूचना द्यायचे. हेडमास्तरांनी गारगोटीसारखे चकाकणारे खडे रुमालात बांधून नेले आणि कपाटात मांडून ठेवले. कपडे धुणाऱ्या आगरी बायका यांच्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. एक जण चिखलातले मासे दाखवत त्यांना म्हणालीसुद्धा, "भाऊ, हितं सोना कुठशी हाय, निवट्या हाय." भाऊजींनी तिला हिमनदी समजावून सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन कपडे पिळायला लागली.

दोन हिवाळे मंडळ चाललं आणि विटलं. डॉक्टरांना सर्दी झाली, वकिलांना कंटाळा आला. मला वाटलं, सुटलो. पण भाऊजी एकटेच जायला लागले, आणि कुठे जातात ते सांगेनासे झाले. सोनं शोधणारा आपली जागा कुणाला सांगत नसतो, असा म्हणे तिकडचा रिवाज. यांनी कागदी पुडी खिशात घालून जावं, संध्याकाळी यावं, आणि पुडी कपाटात ठेवून कुलूप लावावं. मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघायचो. त्या म्हणायच्या, "बाटली नाही ना घेत, मग जाऊ दे."

एक दिवस ती पुडी माझ्यापुढे आली. "तुझ्याकडे वडिलांची कसोटी आहे ना? बघ जरा," असं म्हणून त्यांनी पुडी उघडली. कोंड्याएवढे कण होते, पिवळे. मला खात्री होती की अभ्रक निघणार. हसायची पूर्ण तयारी करून मी कसोटीचा दगड काढला, तेल पुसलं, मोठ्यातला मोठा कण घासला. रेघ उमटली.

सोनं होतं. चांगलं सोनं होतं.

त्या वेळी माझी जी काय चरफड झाली ती मी सांगू शकत नाही. मूर्ख माणूस बरोबर निघाला तर त्याच्यासारखं दुःख नाही. भाऊजी नुसते हसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पण मी सोनाराची मुलगी. रेघ मी पुन्हा उजेडात धरली. तिला लाली होती. म्हणजे सोन्यात तांबं होतं. नदी कशाला तांबं घालायला बसली आहे, तांबं घालतो सोनार. मी म्हटलं, "भाऊजी, हे घडवलेलं सोनं आहे. कुणाच्या तरी अंगावरचं आहे." ते म्हणाले, "तिकडच्या सोन्यातही चांदी असते, इकडच्यात तांबं असेल. तू फायनलपर्यंत शिकलीस, जिऑलॉजी नाही शिकलीस."

मग मी माझी अक्कल चालवली. आमच्या सोनार आळीचं गटार नदीला मिळतं. पावसाळ्यात दुकानांचा केर तिकडे वाहत असणार आणि हे त्यातलेच कण वेचत असणार. मला वाटलं, सापडलं. मोठ्या तोऱ्यात मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, गटार मिळतं ते खाली, खाडीकडे, आणि दादा जातो वरच्या अंगाला. पाणी काय उलटं वाहतं? तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला काय काय आहे हे मी पाहिलेलं नव्हतं. आम्ही बायका पाण्याच्या घाटापलीकडे जात नसू.

त्यानंतर भाऊजींना कोण धरणार. टिमकी गावभर वाजली. आणि त्यातच मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, कापसाच्या मिलमध्ये, माणसं बरी होती. भाऊजींनी भर बैठकीत सांगून टाकलं, की माझ्या मुलीच्या मंगळसूत्राच्या वाट्या मी स्वतः नदीतून काढलेल्या सोन्याच्या करीन. व्याही थक्क झाले. मी आतून ऐकत होते, मला वाटलं जमीन दुभंगावी. पण मुलगी दाराआड माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा हात घट्ट धरला. तिचं तोंड असं उजळलं होतं, की मी ओठावर आलेलं गिळलं. बापाने तिला आजवर काय दिलं होतं? बोटीवरून रंगीत चित्रांची दोन-चार पोस्टकार्डं आणि एक लोकरी टोपी, जी पनवेलात कुणी घालू शकत नाही. पहिल्यांदाच बाप तिच्यासाठी काही करत होता. "काकू, बाबा रोज पाण्यात उभे राहतात माझ्यासाठी," असं ती मैत्रिणींना सांगायची. त्या वाट्यांवर तिचा जीव जडला होता. म्हणून मी कबूल केलं, की सोनं कुठूनही येवो, वाट्या होऊ देत.

पुरेसं सोनं जमत आलं होतं आणि सासूबाई गेल्या. आजारी नव्हत्या, नुसत्या थकत गेल्या. शेवटची घरघर लागली तेव्हा गंगेची कुपी सापडली, तुळशीचं पान आलं, आणि तोंडात ठेवायला सोनं हवं म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंच्या कुड्या नातीच्या लग्नासाठी दिलेल्या, भाऊजींची पुडी वाट्यांसाठी कुलपात. मी माझ्या गळ्यातला एक भरीव मणी ओढून काढला आणि सासऱ्यांच्या पत्रा कापायच्या कात्रीने कापला. घाईत तिरका कापला गेला. अर्धा तुळशीच्या पानाबरोबर त्यांच्या तोंडात ठेवला, अर्धा कुंकवाच्या करंड्यात टाकला. सोनाराच्या घरात मेल्या माणसालाही जोखून देतात असं कुणी म्हटलं तर म्हणो. सासूबाईंना बोलता आलं असतं तर त्याच म्हणाल्या असत्या, एवढा अख्खा कशाला.

पुरुषमंडळी पोचवून आली. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचल्या, राख नदीत सोडली, चौदावा झाला. लग्न वर्षभर थांबवण्यापेक्षा माघात उरकून घेऊ, असं व्याह्यांनी कळवलं. भाऊजींनी पुन्हा बूट चढवले.

एका संध्याकाळी ते ओल्या बुटांनी तसेच स्वयंपाकघरात आले. तोंडावर हसू मावत नव्हतं. "याला नगेट म्हणतात," ते म्हणाले, आणि तळहात पुढे केला. "इतक्या वर्षांत एवढा मोठा पहिलाच." मुलगी धावत आली. मीही बघितलं.

तो अर्धा मणी होता. काळवंडलेला, कडा जराशा बसलेल्या, पण तिरका काप तसाच. मधून भोकाची अर्धी पन्हळ गेलेली. मुलीला मी देवापाशी दिवा लावायला पिटाळलं आणि विचारलं, "भाऊजी, तुमची हिमनदी मण्याला भोक पण पाडते का?"

ते म्हणाले, दगडाने दगड घासून होतं तसं. मी करंडा आणला, माझ्याकडचा अर्धा त्यांच्या तळहातावर त्याच्याशेजारी ठेवला आणि बोटाने सरकवला. दोन्ही तुकडे बरोब्बर बसले. मी म्हटलं, "तुमची जागा कुठे आहे ती आता सांगा."

"मसणवट्याच्या खालचं वळण," ते म्हणाले. "तिकडे कुणी फिरकत नाही. म्हणून निवडलं."

मला हसावं की रडावं कळेना. समोर मसणवटा. पेटलेल्या चिता हा माणूस रोज बघतोय, लोक तिसऱ्या दिवशी येऊन राख पाण्यात सोडतात ते बघतोय. प्रत्येक मेल्या माणसाच्या तोंडात सोनं घालतात हे याला पाळण्यात असल्यापासून माहीत. सोनाराच्याच दुकानातून तर लोक ते गुंजभर सोनं नेतात. आणि हा बहाद्दर त्या सगळ्याकडे पाठ करून माथेरानाकडे बघतोय आणि म्हणतोय, बर्फ. स्वतःची आई जाळून आला, चौदावा जेवला, आणि तिच्या तोंडातला घास परातीत पकडून नाचत घरी आला. एवढा मठ्ठपणा मी जन्मात पाहिला नाही, आणि पनवेलात मठ्ठ लोकांची टंचाई कधीच नव्हती.

भाऊजींनी मान खाली घातली. मला वाटलं, आता रडतील. मग त्यांनी माझ्याकडचा आणि त्यांचा असे दोन्ही तुकडे मला दिले आणि म्हणाले, "हा आईचा. हा तेवढा बाजूला काढ. चुकून वाहत आला असेल. बाकीचं नदीचं आहे."

मी म्हटलं, "काय?"

"बाकीचं हिमनदीचं आहे," ते म्हणाले, आणि बूट काढायला ओसरीवर गेले.

कपाळ माझं. त्या माणसाला मी आधी खुळा समजत होते. त्या दिवशी त्याची किळस आली. आई डोळ्यांपुढे धरली तरी ज्याची थिअरी हलत नाही, त्याला काय म्हणायचं? आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नव्हती. ते सोनं आता सवाष्णीच्या गळ्यात जायचं होतं. मसणातलं सोनं मंगळसूत्राला. ऐकलं तरी कुणी दारात उभं करणार नाही. नवऱ्याकडच्यांना कळलं तर मुलीला तिथे आयुष्यभर ऐकावं लागलं असतं, आणि नाही कळलं तरी मला कळलेलं होतं. मुलीला अंधारात ठेवून तिच्या गळ्यात ते बांधायचं, हे मला जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी लग्नाचे पापड लाटत होतो. मी तिला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. मसणवट्याचं वळण सांगितलं, आजीचा मणी सांगितला, बापाचं उत्तरही सांगितलं. आणि म्हटलं, "माझ्या पाटलीतलं सोनं काढून वाट्या करू. बाबांना सांगू तेच सोनं आहे. त्यांना काय कळतंय."

तिचं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता ती कोसळणार. बापाचा तिला एवढा अभिमान, तोच मी तिच्या हातून काढून घेतला होता.

"म्हणजे ते सगळं आपल्या गावातल्या लोकांचं," ती म्हणाली.

"मेलेल्या लोकांचं," मी म्हटलं.

"हो, पण आपल्याच गावातल्या."

"कुणाकुणाचं असेल, देव जाणे. नीट विचार कर. रात्रंदिवस गळ्यात राहणार आहे ते."

तिने पापड उचलून सुपावर टाकला, दुसरी लाटी घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणता ती माणसं बरी आहेत. असतील. पण अकोल्याला मला ओळखणारं कोण आहे? एक माणूस नाही. बोलायचं कुणाशी तेसुद्धा माहीत नाही. ही तरी माझ्या ओळखीची असतील. कुणी आजी, कुणी दळणावरची, कुणी शाळेतल्या बाई. पाटली नका मोडू. मला तेच द्या."

पिठाचे हात तसेच पदराला पुसून मी उठले, करंडा आणला आणि दोन्ही अर्धे मणी तिच्या हातावर ठेवले.

"हेही घाल," मी म्हटलं. "एक आजीचा आहे. दुसरा माझा. जिवंत माणसाचंही काहीतरी असू दे त्यात."